देवकाबाईचा कोमट चिखल

देवकाबाईला हळू बोलता येत नसे. कानात सांगायची गोष्टही ती अशी सांगायची की बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पलीकडे म्हशी धुणारा माणूस मान वर करून 'हो' म्हणायचा. सासू ठार बहिरी, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून तिचा गळा जो मोठा झाला तो झालाच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, राहिल्या त्या दोघी सासू-सुना. दिवसभर एकमेकींवर ओरडायच्या आणि एका ताटात जेवायच्या.

आमच्या केशोरीत धानाच्या रोवणीला बायांची जी टोळी निघायची तिची देवकाबाई म्होरकी. बाया चिखलात वाकून, मागे मागे सरकत रोपं लावायच्या आणि तिचं गाणं सगळ्यांच्या वर चालायचं. गाण्यात ती कोणाची भीडभाड ठेवायची नाही. सासू, पाटील, पाऊस, सगळ्यांना एकाच चालीत शिव्या. ज्याचं नाव गाण्यात आलं नाही तो माणूस थोडा रुसायचा, असं माझी माय सांगायची.

मी सांगते आहे ते सगळं मायकडूनच ऐकलेलं. घडलं तेव्हा मी अडीच वर्षांची होते, आणि या गोष्टीत माझं काम एवढंच की एका पडवीत इतर लेकरांबरोबर पडायचं आणि रडायचं. पण माझी माय, मंदाबाई, त्या टोळीत होती. ती ही गोष्ट दर रोवणीला सांगायची आणि दर रोवणीला थोडी वाढवायची. वाढवलेलं मी काढून टाकलं आहे, जमेल तेवढं.

मोठ्या लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, आणि आमचा गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. आमच्या घराला लागून शामकलाबाईचं घर. नवरा यादोराव तापानं गेलेला. मागे राहिली बोडीखालची धानाची जमीन, तिला आमच्याकडे बांधी म्हणतात, आणि राहिला एक मुलगा, खेमराज. खेमराज विशीतला, बापासारखा उंच, बोलायला तिखट. पण लहानपणापासून त्याला एक दुखणं होतं. महिना-दोन महिने बरा असायचा, बसल्या जागी दोऱ्या वळायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायचा, आणि मग एकाएकी त्याची हाडं दुखायला लागायची. पाय, कंबर, छाती. भिजला, दमला, गार पाण्यात पाय घातला की हमखास. डोळे पिवळे पडायचे आणि अंगावर पांघरुणाचाही भार सोसायचा नाही. आज डॉक्टर रक्ताचा थेंब काचेवर बघून त्या दुखण्याचं नाव सांगतात. तेव्हा कोणी वात म्हणायचं, कोणी बाहेरची बाधा म्हणायचं. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळायचं, एवढं एकच औषध सगळ्यांना मान्य होतं.

शामकला त्याच्याजवळून हलायची नाही. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी ती रोवणीला गेली असताना मागे दुखणं उठलं. घरात कोणी नाही आणि पाण्याचा गडवा खाटेपासून हातभर दूर. ती सांजेला परत आली तेव्हा पोराच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. तेव्हापासून तिनं ठरवलं की याला एकटं टाकून कुठं जायचं नाही. दुसऱ्यांच्या बांधीत रोवून त्या बदल्यात बाया मिळवायची वाट बंद झाली, मग बांधी कोण रोवणार? मजुरीनं बाया लावण्याची ऐपत नव्हती, आणि फुकटात कोणाचा हात घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

दरेकशाला तिचा भाऊ बकाराम राहायचा, जंगलकामावर. त्यानं निरोप धाडला की पोळ्याच्या आधी येतो, यंदा रोवणी होत नसेल तर जमीन दुसऱ्याला देऊन टाका आणि दोघं कायमचे माझ्याकडे चला. बकाराम मनानं चांगला होता, बोलावणंही मनापासून होतं. पण खेमराजच्या तोंडचं पाणी पळालं.

"माय, तिकडं गेलो तं मी मानूस नाई राहनार," तो म्हणाला, "गाठोडं होईन. येथून उचललं, तेथी ठेवलं."

परे, म्हणजे धानाची रोपं, रोपवाटीत वाढत चालली होती. वेळेत लावली नाहीत की ती कांड्यावर येतात, मग लावून उपयोग नसतो. रोवणी झाली तर घर इथं, नाही झाली तर दरेकशाला. गोष्ट एवढीच होती आणि ती सगळ्या गावाला माहीत होती.

देवकाबाईनं पहिला उपाय केला तो साफ फसला. तिनं गावात हाक दिली की खेमराजजवळ पाळीपाळीनं बसायला जा, म्हणजे शामकला मोकळी होईल. लोक गेले. पण आजाऱ्याजवळ बसायची आमची एक रीत आहे. येणारा खाटेच्या पायथ्याशी बसतो, मान हलवतो, आणि हेच दुखणं आणखी कोणाकोणाला झालं होतं आणि ते कसे मेले हे सविस्तर सांगतो. त्यात वाईट काही नसतं. माया असते, पण ती अशी बाहेर पडते.

मनिराम म्हणून एक म्हातारा होता, तो पहिल्याच दिवशी येऊन बसला.

"माज्या मामसासऱ्याले असंच झालतं गा," तो म्हणाला. "सकारी पेज पेला, दुपारी खपला."

"पेज कायची होती?" खेमराजनं विचारलं.

"कोदोची."

"मंग मी भातच खातो."

मनिराम गेला तर त्याची बहीण आली. तिच्याकडे तीन मेलेले होते. चौथ्या-पाचव्या दिवशी देवकाबाई विचारपूस करायला गेली तेव्हा खेमराज म्हणाला, "मावशी, तू मानसं बसाले पाठवून राहिलीस का मयतीले?"

देवकाबाई पोट धरून हसली. शामकला हसली नाही. येणारा प्रत्येक जण पदराखाली काहीतरी आणत होता, कोणी वाटीभर तांदूळ, कोणी दोन दोडके, आणि जाताना घरात चारही कोपऱ्यांत नजर फिरवून जात होता. ते तिला झोंबलं होतं.

"देवका, आता कोनाले पाठवू नोको," ती म्हणाली. "आमाले कोनाची कीव नाई पायजे."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. देवकाबाई तणतणत निघाली आणि त्या दिवशी गाण्यात शामकलेलाही शिव्या मिळाल्या. मला विचाराल तर शामकलेचं बरोबर होतं. घरी दुखणं असलेल्या माणसाला मदत करणाऱ्यांची तोंडं सांभाळण्याचं आणखी एक काम लागतं, हे मदत करणाऱ्यांना कधी कळत नाही. देवकाबाईला मात्र ते कळलं, कारण तिची शिवी संपली की तिचं डोकं चालू व्हायचं.

त्याच दिवशी बांधीत झालं काय, की पावसाची सर आली. रोवणीच्या दिवसांत लेकरांचे हाल कुत्रं खात नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या पानांच्या छताखाली लेकरं ठेवलेली, खाली ओल, वरून गळती, आणि त्यांच्या आया गुडघाभर चिखलात, एक डोळा परे लावण्यावर आणि एक डोळा धुऱ्यावर. माझी माय म्हणायची की त्या सरीत मीच घसरत पाण्याच्या कडेपर्यंत गेले होते आणि देवकाबाईनं मला एका पायाला धरून उचललं. मला उलटी धरूनच ती थोडा वेळ उभी राहिली. काहीतरी विचार करत होती. मग मला मायच्या हातात दिलं आणि पाय न धुता तशीच गावाकडे गेली.

शामकलेच्या दारात ती उभी राहिली, आत गेली नाही.

"शामकला, मले तुज्याकडून एक काम पायजे," ती म्हणाली. "नाई म्हनशील तं माजा सगरा रोवना अडते."

शामकला सावध झाली. "कायचं काम?"

"तुजी पडवी पायजे. अन् तुजा पोरगा पायजे. आमची लेकरं पान्यात मरून राहिली, बायायचं ध्यान कामात लागत नाई. तुजी पडवी कोरडी. सकारी लेकरं येथी टाकतो, सांजेले उचलतो. खेमराजनं सांभाळाचे. त्याच्या बदल्यात आमी तुजी बांधी रोवून देतो. फुकट नाई वो, बदला हाय. अन् तूही चाल रांगेत, तुजा हात मले पायजे."

"अन् याचं दुखनं उठलं तं?"

"माजी बुढी येते. सगऱ्यायच्या बुढ्या येतात. घरी बसून सुनायले शिव्या देतेत, त्या येथी बसून देतील."

आतून खाटेवरून खेमराजचा आवाज आला. "मावशी, एक अट हाय. माज्या पडवीत मेलेल्यायची नावं घ्याची नाई."

'माझ्या पडवीत' असं तो म्हणाला. शामकलेनं पोराच्या तोंडून असा मालकी आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. ती हो म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी बाया लेकरं काखेत मारून आल्या तेव्हा पडवी शेणानं सारवलेली होती.

एक गोष्ट मात्र शामकलेनं कबूल करून घेतली. दुखणं उठलं की लगेच पितळी थाळी वाजवायची. बांधी बोडीखालीच होती, थाळीचा आवाज तिथपर्यंत जायचा.

त्या पडवीचं वर्णन माय फार रंगवून करायची. म्हाताऱ्या भिंतीला टेकून ओळीनं बसलेल्या. मधोमध खेमराजची खाट. त्यानं स्वतः वळलेल्या दोऱ्या आढ्याला बांधून लुगड्यांचे तीन झोके केले आणि तिन्हींची एक दोरी करून खाटेच्या उशाशी आणली. पडल्यापडल्या दोरी ओढली की तिन्ही झोके एकदम हलायचे. चालणारी लेकरं म्हाताऱ्यांच्या अंगाखांद्यावर. धुरपताबाई, म्हणजे देवकाबाईची ती बहिरी सासू, चुलीजवळ. तिनं आल्या दिवसापासून रेती तापवून फडक्यात बांधायचं काम अंगावर घेतलं होतं. दुखणं असो-नसो, तिची पोटली सदा तयार. लेकरांच्या रडण्याचा तिला काही त्रास नव्हता.

या सगळ्यांत एक दीड वर्षांचा सेवकराम होता. तो आज गावात मानाचा माणूस आहे, म्हणून त्याचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्याशिवाय गोष्टीला चव नाही. सेवकराम हातात येईल ते आपटायचा. त्याला कमरेला दोरी लावून खांबाला बांधावं लागे.

इकडे बांधीत शामकलेचं कामात लक्ष नव्हतं. दर घटकेला ती ताठ उभी राहून गावाकडे कान द्यायची आणि तिची रांग वाकडी व्हायची.

"कान घरी ठेवून आलीस तं ठेव," देवकाबाई ओरडायची, "हात तरी येथी आन!"

एक दिवस इतरांची बांधी, एक दिवस शामकलेची, असं काम चाललं होतं. माझा बाप चैतराम पुढे नांगर घालून चिखल करायचा आणि मागून बाया. खेमराजचेही दिवस बरे चालले होते. मग श्रावणातली झड लागली. दोन दिवस सूर्य नाही, हवा गार झाली, आणि नेमकं शामकलेच्या सगळ्यात मोठ्या बांधीत काम चालू असताना दुपारी दुखणं उठलं.

धुरपताबाईनं त्याचं तोंड पाहिलं आणि खुंटीवरची थाळी काढली. खेमराजनं तिचा हात धरला.

"आजी, नोको. आज मोठी बांधी हाय. माय आली तं परत जानार नाई."

तिला ऐकू आलं नाही. मग त्यानं दात-ओठ खात, हातांनी रोवायची खूण केली, मायची खूण केली, आणि थाळी तिच्या हातातून काढून खाटेखाली ठेवली. ते मात्र तिला बरोबर समजलं. तिनं पदर खोचला आणि रेतीची पोटली घेऊन कामाला लागली.

खाटेखाली थाळी ठेवली, पण सेवकरामची दोरी खाटेखालपर्यंत पुरत होती, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. त्याला तिथं एक पळीही सापडली. माय म्हणायची, लग्नातही एवढा वाजा ऐकला नाही.

बांधीत शामकलेच्या हातातले परे तसेच राहिले आणि ती धावत सुटली. तिच्यामागं देवकाबाई, तिच्यामागं सगळ्या बाया, सगळ्यांच्या मुठीत परे. माझ्या बापानं बैल चिखलात उभे सोडले आणि तोही धावला. धुऱ्यावर शामकला दोनदा पडली, दोनदा उठली.

दारात येऊन ती थबकली. खेमराज घामानं निथळत होता, जबडा आवळलेला. एक म्हातारी त्याच्या गुडघ्यांना ऊन रेतीचा शेक देत होती, दुसरी टोरीचं तेल चोळत होती, तिसरीनं पाण्याचा गडवा त्याच्या ओठाला लावलेला. धुरपताबाई एका हातानं पोटली बदलत होती आणि दुसऱ्या हातानं सेवकरामच्या पाठीत धपाटे घालत होती. आणि एवढ्या दुखण्यात खेमराजच्या उजव्या हातात झोक्याची दोरी तशीच होती. अधूनमधून तो ती ओढत होता, कारण झोक्यात मी झोपले होते. ही मायनं वाढवलेली गोष्ट असेल, पण ती मी काढून टाकणार नाही.

शामकला पाऊल टाकणार तोच तो म्हणाला, "माय, जवर येऊ नोको. तू गार हायेस."

तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. ती जागच्या जागी उभी राहिली.

"जा तू," तो दम घेत घेत म्हणाला. "येथी हातायची कमी नाई. मोठी बांधी राहिली तं मी का करू?"

तेवढ्यात धुरपताबाईनं मान वर केली.

"उभी काऊन हायेस वो?" ती शामकलेवर खेकसली. "आमाले का हात नाईत?"

शामकलेनं एकदा त्या गडव्याकडे पाहिलं. मग ती वळली आणि बांधीकडे चालू लागली. बाया तिच्यामागं. ती वाकली, परे लावायला लागली, आणि हुंदके देऊन रडायला लागली. देवकाबाई जवळ सरकली तशी शामकला रडता रडताच म्हणाली, "मी रडून राहिली हावो, पन माजी रांग पाहा!"

रांग पहिल्यांदा सरळ आली होती. देवकाबाईनं लगेच गाणं धरलं, आणि त्यात सेवकरामचं नाव होतं.

खेमराजला त्या दुखण्यातून उठायला आठ दिवस लागले. तोवर रोवणी सरत आली होती.

आमच्याकडे रोवणीच्या शेवटच्या दिवशी, शेवटचे परे लागले की बाया मालकाला चिखल फासतात. मालकानं पळायचं, बायांनी धरायचं, आणि मग मालकानं सगळ्यांना खाऊ घालायचं. यादोराव गेल्यापासून शामकलेच्या बांधीत हे झालं नव्हतं. बाया हातपाय धुऊन मुकाट घरी जायच्या.

नेमका त्याच दिवशी बकाराम आला. छोट्या लाईनच्या गाडीनं अर्जुनीपर्यंत, पुढे कोणाच्या तरी बैलगाडीनं, आणि थेट बांधीवर. खांद्यावर सामान बांधायला आणलेली दोन रिकामी पोती. हिरवी बांधी पाहून त्याला आनंद झाला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यानं हसत धोतर खोचलं आणि पुढे आला.

"लावा वो बायाहो चिखल! या घरचा मानूस आता मीच."

"तुमी पाव्हने, भाऊ," देवकाबाई म्हणाली. "पाव्हन्याले आमी पाय धुवाले पानी देतो. मालक घरी हाय."

"देवका, नाई! त्याले गार चिखल नाई सोसनार!" म्हणत शामकला सगळ्यांच्या पुढे घराकडे धावत गेली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली. सगळ्या बाया समोर, मागं बकाराम.

तेवढ्यात आतून धुरपताबाई आली, हातात वाफ निघणारं गाडगं.

"शिजला वो!" तिनं जाहीर केलं.

देवकाबाईनं सकाळीच बांधीतला चिखल गाडग्यात भरून सासूच्या चुलीशी आणून ठेवला होता. खेमराज दुपारभर ते गाडगं पाहत होता. त्याला वाटलं, आपल्यासाठी एखादा नवा काढा चालला आहे, आणि न विचारता पिणार नाही असं त्यानं ठरवलं होतं. देवकाबाईनं त्यात थोडं पाणी ओतलं, लेकराच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं कोपर बुडवून पाहिलं, आणि गाडगं शामकलेपुढे धरलं.

"बोट घाल."

शामकलेनं बोट घातलं. चिखल कोमट होता. तिचे हात चौकटीवरून खाली आले.

"पहिला हात तुजा," देवकाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज इतका लहान होता की मागच्या बायांना तो ऐकू गेला नाही.

खेमराज खाटेवरून उठला. मालकानं पळायचं असतं हे त्याला ठाऊक होतं, बापाला पळताना त्यानं पाहिलं होतं. तो खांबाला धरून उभा राहिला आणि हळूहळू, एकेक पाय टाकत, खांबाभोवती पळायला लागला. बाया त्याच्यामागं. दिवसभर चिखल तुडवणाऱ्या त्या धडधाकट बायांना तो काही केल्या सापडेना. "धरा वो, गेला वो, निसटला वो," असा एकच कल्लोळ. दोन फेऱ्या झाल्यावर तो स्वतःच मायच्या पुढ्यात येऊन थांबला, धापा टाकत, हसत.

शामकलेनं ओंजळीत चिखल घेतला आणि पोराच्या दोन्ही गालांना लावला. कपाळाला लावला. मग बाकीच्यांनी त्या चिखलात हात धुऊन घेतले, आणि सेवकरामनं तर सगळं गाडगंच आपटलं.

"मालक, खाऊ घाला!" बाया ओरडल्या.

"माय, उडदाचे वडे काढ," मालक म्हणाला. "अन् मामाले पहिले वाढ, लंबून आले."

बकाराम चिखलानं भरलेल्या भाच्याकडे पाहत राहिला होता. त्यानं खांद्यावरची पोती खाली उतरवली आणि ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

"ते पोते घेऊन जा मामा," खेमराज म्हणाला. "दिवारीनंतर परत आना. धान भरून देतो."